बाणाचा पल्ला आणि शिकाऱ्याचा टप्पा

‘सावज टप्प्यात आले’ असे मराठीत सहज म्हटले जाते. शिकारीशी ज्याचा कधी संबंध आला नाही, असा मनुष्यदेखील हा शब्दप्रयोग निःशंकपणे वापरतो. पण टप्पा म्हणजे किती वार, हा प्रश्न विचारला तर उत्तर देणे सोपे नाही. कारण या एका शब्दात दोन निरनिराळी अंतरे दडलेली आहेत. एक अंतर धनुष्याचे आहे. बाण जास्तीत जास्त जितका लांब जाऊन पडेल, तेवढे ते असते. दुसरे शिकाऱ्याचे आहे. जिथून सोडलेला बाण हरणाच्या मर्मस्थानी लागेलच, अशी त्या माणसाची त्या दिवशीची खात्री असते, तेवढेच ते असते. या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. इस्तंबूल शहरातील ओकमेयदान या जागी तुर्की तिरंदाजांनी आपल्या विक्रमांच्या खुणा म्हणून दगडी स्तंभ उभारले, आणि त्यांतील काही विक्रम आठशे वारांच्या पलीकडचे आहेत. अमेरिकेच्या अरण्यात आज साधे लाकडी धनुष्य घेऊन हरणाच्या वाटेवर बसणारा समंजस शिकारी मात्र पंधरा ते वीस वारांच्या पलीकडे बाण सोडीत नाही. वार म्हणजे तीन फूट. तेव्हा वीस वार म्हणजे एखाद्या मोठ्या वाड्याच्या चौकाएवढीच लांबी झाली.

हा विषय अमेरिकेच्या संदर्भातच बोलणे इष्ट आहे. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला, आणि हरणाची शिकार हा येथे गुन्हा आहे. उत्तर अमेरिकेची स्थिती निराळी आहे. तेथे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या तीन कोटींच्या आसपास असल्याचा अंदाज आहे. त्यांना खाणारे लांडगे व पहाडी सिंह बहुतेक प्रदेशांतून नाहीसे झाले, शेते आणि वस्त्या यांच्यामधल्या झुडपांत हरणे वाढली, आणि पिकांची नासाडी व रस्त्यांवरचे अपघात हे नित्याचे झाले. म्हणून तेथील राज्यसरकारे दरवर्षी ठराविक मुदतीसाठी, परवाने देऊन, शिकारीस संमती देतात. धनुष्यबाणासाठी राखलेला हंगाम प्रथम विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये दिला. पुढे इतर राज्यांनी तोच पायंडा उचलला.

बंदुकीच्या देशात धनुष्य पुन्हा हाती कसे आले, याचीही एक हकीकत आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर दक्षिणेकडून लढलेल्या सैनिकांना बंदूक बाळगणे दुरापास्त झाले होते. अशांपैकी मॉरिस आणि विल थॉम्प्सन या दोघा भावांनी फ्लॉरिडाच्या दलदलीत धनुष्याने शिकार करून दिवस काढले. मॉरिसने १८७८ मध्ये त्या अनुभवांवर पुस्तक लिहिले आणि सुशिक्षित वर्गात तिरंदाजीचे वेड पसरले. पण त्या वेडाला शिकारीची शिस्त लावण्याचे श्रेय एका निराळ्याच माणसाकडे जाते. त्याला लिहितावाचता येत नव्हते, आणि त्याचे खरे नाव अखेरपर्यंत कोणालाही कळले नाही.

ऑगस्ट १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाच्या एका कत्तलखान्यापाशी उपासमारीने खंगलेला एक आदिवासी सापडला. त्याची याही जमात गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हत्याकांडांत नष्ट झाली होती. तो एकटाच उरला होता. स्वतःचे नाव उच्चारणे त्याच्या रीतीत बसत नव्हते, म्हणून मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हणण्यास सुरुवात केली. याही भाषेत त्याचा अर्थ ‘माणूस’ एवढाच होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ-संग्रहालयात तो राहू लागला, आणि शेजारच्या रुग्णालयातील शस्त्रवैद्य सॅक्स्टन पोप यांची व त्याची मैत्री जमली. पोप त्याच्याकडून धनुष्य करायला, बाण बांधायला आणि शिकार करायला शिकले. मार्च १९१६ मध्ये इशी क्षयाने वारला. त्याने दिलेली विद्या पोप यांनी प्रथम एका शास्त्रीय निबंधात आणि मग १९२३ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवली.

त्या लेखनातून एक गोष्ट फार मनोवेधक दिसते. मोजलेल्या अंतरावरच्या मोठ्या, रंगीत लक्ष्यावर नेम मारण्याच्या खेळात पोप आपल्या गुरूला मागे टाकू लागले. पण रानात, पाचोळ्यावर पाऊल न वाजवता पुढे सरकून प्रत्यक्ष प्राण्यावर बाण टाकायची वेळ आली की शिष्य तो शिष्यच राही. इशीचे धनुष्य चाळीस-पंचेचाळीस पौंड ओढीचे, म्हणजे आजच्या मानाने मध्यमच होते. बाणाला ज्वालामुखी काचेचे, कधी बाटलीच्या काचेचे, स्वतः घडवलेले पाते असे. लांबून मारण्याची हौस त्याला नव्हती. त्याची सारी कला अंतर कमी करण्यात खर्च होई. शिकारीच्या आदल्या दिवशी तो तंबाखू ओढीत नसे आणि मासे खात नसे. पहाटे ओढ्यात स्नान करी, सुगंधी पाला अंगाला चोळी आणि उपाशीपोटी निघे. वारा कोठून येतो हे पाहिल्यावाचून पाऊल टाकीत नसे. झुडपामागे उकिडवा बसून, ओठ हाताशी लावून तो संकटात सापडलेल्या पिलासारखा आवाज काढी, आणि हरीण किंवा ससा काय झाले ते पाहायला आपणहून जवळ येई. कधी हरणाचे पेंढा भरलेले मुंडके डोक्यावर बांधून तो गवतातून डोकावे. धनुष्य लांब मारणारे नाही, म्हणून माणसाने जवळ जायला शिकावे, हा त्याच्या जमातीने पिढ्यान्‌पिढ्या काढलेला निष्कर्ष होता.

पोप आणि त्यांचे सोबती आर्थर यंग यांनी स्वतः मात्र हा निष्कर्ष पूर्णपणे पाळला नाही. त्यांची धनुष्ये इशीच्या धनुष्याहून खूप बळकट होती, आणि आज कोणी सोडणार नाही इतक्या लांबून ते बाण सोडीत. एका हरणावर एकामागून एक बाण सोडण्यातही त्या काळी कोणाला वावगे वाटत नसे. त्यांच्या नावाने १९६१ मध्ये स्थापन झालेल्या धनुर्धारी शिकाऱ्यांच्या मंडळाने न्याय्य शिकारीचे नियम घालून दिले, आणि हळूहळू मत बदलले. आज पारंपरिक धनुष्य वापरणाऱ्यांमध्ये ‘तू किती लांबून मारलेस?’ या प्रश्नापेक्षा ‘तू किती जवळ गेलास?’ या प्रश्नाला अधिक मान आहे.

पारंपरिक हा शब्द येथे स्पष्ट केला पाहिजे. १९६९ मध्ये मिसुरी राज्यातील हॉलिस विल्बर ॲलन यांना चाकांच्या धनुष्याचे पेटंट मिळाले. कंपाउंड धनुष्य म्हणून ते ओळखले जाते. दोरी पुरती ओढल्यावर त्याचा भार एकदम हलका होतो, त्यावर नेम धरण्याच्या खुणा असतात, आणि बाण फार वेगाने जातो. बहुसंख्य शिकारी आता तेच वापरतात. पण काही जण जाणूनबुजून एका लाकडाचे लांब धनुष्य, किंवा टोके पुढे वळलेले धनुष्यच हाती धरतात. त्यावर नेमाची खूण नसते. धोंडा भिरकावणारा मुलगा जसा झाडावरच्या कैरीकडे पाहतो, हाताकडे पाहत नाही, तसा हा तिरंदाज केवळ लक्ष्याकडे पाहतो. पूर्ण हरणाकडे पाहिले तर बाण हरणात कोठेही जातो. म्हणून खांद्यामागच्या एका केसाच्या झुबक्यावर दृष्टी खिळवावी लागते. झाड नाही, फांदी नाही, पक्षी नाही, फक्त डोळा दिसतो असे सांगणाऱ्या अर्जुनाची गोष्ट मराठी घरांतल्या मुलांना ठाऊक असते. या शिकाऱ्यांच्या शिक्षणाचा पहिला पाठ अक्षरशः तोच आहे.

आता टप्प्याचा हिशेब मांडू. पन्नास पौंड ओढीच्या लाकडी धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण १६५ फूट, म्हणजे ५० मीटर जातो. वीस वार जायला त्याला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक वेळ लागतो. एवढ्या अवधीत गुरुत्वाकर्षण त्याला सरळ रेषेपासून दोन फुटांहून किंचित अधिक खाली ओढते. तीस वारांवर हा झोक जवळजवळ पाच फुटांचा होतो. चाळीस वारांवर साडेआठ फुटांचा. ही घसरण अंतराच्या पटीने न वाढता अंतराच्या वर्गाने वाढते, आणि सारा अनर्थ याच वर्गात आहे.

हरणाचे मर्मस्थान म्हणजे हृदय आणि दोन्ही फुप्फुसे. बाजूने पाहिले असता ते आठ-नऊ इंच व्यासाचे वर्तुळ भरते. मध्यावर नेम धरला तर वर, खाली वा बाजूला चार इंचांची चूक क्षम्य ठरते, त्यापुढची नाही. समजा, शिकाऱ्याचा हात निर्दोष आहे, वारा नाही, हरीण हलत नाही. चूक फक्त एकच आहे: अंतर त्याच्या अंदाजापेक्षा एकदशांशाने अधिक आहे. डोळ्यांनी अंतर जोखणाऱ्याला एवढी चूक सहज होते. त्याने पंधरा वार मानले आणि खरे साडेसोळा निघाले, तर बाण दीड इंच खाली लागेल. वीस मानले आणि बावीस निघाले, तर सुमारे तीन इंच, अजून निभावते. पंचवीसला साडेसत्तावीस निघाले की चूक साडेचार इंचांच्या घरात, म्हणजे वर्तुळाच्या काठावर जाते. तीसला तेहेतीस निघाले तर साडेसहा इंच. चाळीसला चव्वेचाळीस निघाले तर जवळजवळ फूटभर. हाताचा काहीएक दोष नसताना निव्वळ डोळ्याच्या चुकीने बाण वर्तुळाबाहेर गेला, हे लक्षात घेतले पाहिजे. पंधरा-वीस वारांची मर्यादा म्हणजे जुन्या शिकाऱ्यांचा भिडस्तपणा नव्हे, हे या आकड्यांवरून दिसून येईल.

आणि डोळा फसतोच. मोकळ्या कुरणात किंवा घळीच्या पलीकडे उभे असलेले हरीण असते त्याहून जवळ भासते; दाट झाडीत तेच दूर वाटते. संधिप्रकाशात तर काहीच सांगता येत नाही. लेसरच्या किरणाने अंतर मोजणारी दुर्बीण आता बाजारात मिळते. परंतु ती हरीण किती वारांवर आहे एवढेच सांगते. त्या अंतरावर या माणसाने बाण सोडावा की नाही, हे तिला माहीत नसते.

दुसरी गोष्ट आवाजाची. दोरी सुटताना टणत्कार होतो. ध्वनी बाणाच्या जवळजवळ सातपट वेगाने जातो. म्हणजे बाण पोहोचण्याच्या बराच आधी हरणाला बातमी मिळते. उडी मारून पळण्यासाठी ते आधी पाय दुमडून खाली दबते. अमेरिकन शिकारी याला हरणाने दोरी चुकवणे म्हणतात; हरणाला मात्र बाणाची कल्पनाही नसते, ते फक्त दचकलेले असते. आवाज कानी पडल्यापासून सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात ते दबू लागते असे धरून चालू. पंधरा वारांवर असेल तर त्याला हलायला वेळच मिळत नाही. वीस वारांवर ते दोन-अडीच इंच खाली जाईल. तीस वारांवर मात्र एक फुटाहून अधिक खाली गेलेले असेल, आणि बाण त्याच्या पाठीवरून निघून जाईल किंवा, त्याहून वाईट, पाठीच्या वरच्या मांसात रुतेल. निवांत चरणारे हरीण पुष्कळदा दचकत नाही. मान ताठ, कान पुढे, पाय रोवून उभे असलेले हरीण हमखास दचकते. म्हणून वीस वारांवर निवांत असलेले हरीण टप्प्यात असते, आणि त्याच ठिकाणी सावध झालेले तेच हरीण टप्प्याबाहेर गेलेले असते. दोरीला लोकरीचे वा केसाळ कातड्याचे झुबके बांधून आवाज दबवतात. त्याने फरक पडतो, पण आवाज नाहीसा होत नाही.

एवढे निसर्गाचे झाले. बाकी सर्व माणसाकडे येते. ऑलिंपिकमधील तिरंदाज सत्तर मीटरवर नेम मारतात, आणि त्यांच्या लक्ष्यातील सर्वांत आतले दहा गुणांचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचे असते. मग शिकाऱ्याने वीस वारांवर का थांबावे, असे कोणीही विचारील. त्या तिरंदाजाला अंतर ठाऊक असते. त्याच्या धनुष्याला नेमाची खूण आणि तोल सांभाळणाऱ्या दांड्या असतात. लक्ष्य दचकत नाही. आधी सरावाचे बाण सोडायला मिळतात. आणि एक बाण चुकला तर दोन गुण जातात, एवढेच. मिशिगनच्या जंगलात नोव्हेंबरच्या पहाटे तीन तास निश्चल बसलेल्या माणसाची बोटे गारठलेली असतात. अंगावर जाड कोट असतो; त्याच्या बाहीला दोरी घासण्याची भीती असते. थंडीने आखडलेला खांदा दोरी पुरती ओढीत नाही, आणि ओढ एक इंच कमी झाली की धनुष्याचे बळ दोन-तीन पौंडांनी घटते. अशात पाचोळा वाजतो, शिंगे दिसतात, आणि छाती इतकी धडधडू लागते की हात कापतो. या कंपाला तिकडे नर हरणाचा ताप असे गमतीदार नाव आहे. तो नवख्यालाच येतो असे नाही.

यावर शहाण्या शिकाऱ्यांनी एक साधी कसोटी काढली आहे. जेवणाच्या कागदी बशीएवढे वर्तुळ लक्ष्य म्हणून घ्यायचे. रोज सकाळी, अंग गरम न करता, शिकारीचेच कपडे घालून, एकच बाण सोडायचा आणि वही लिहायची. दुसरा बाण हिशेबात धरायचा नाही. कारण रानात दुसरा बाण मिळत नसतो. संध्याकाळी मैदानावर साठ बाण सोडून त्यांतले शेवटचे दहा पाहणारा मनुष्य स्वतःची फसवणूक करतो. तोवर हात तापलेला असतो आणि मागच्या चुकीवरून पुढचा बाण सुधारलेला असतो. वीस सकाळी वीस वारांवरून सोडलेले वीसही बाण बशीत असतील, तर ते अंतर त्याचे. दोन बाहेर गेले असतील, तर पाच वार पुढे यावे आणि वही पहिल्या पानापासून सुरू करावी. सरासरी ही खातेवहीत मोठ्या उपयोगाची चीज असली, तरी येथे तिला स्थान नाही. सरासरीने बशीत पडणाऱ्या बाणांत एखादा फूटभर बाहेरचाही असू शकतो, आणि हरणाच्या वाट्याला नेमका तोच येऊ शकतो.

पुढे ही कसोटी कठीण करीत न्यायची असते. गुडघा टेकून, झाडाच्या खोडाला वळसा घालून, पंधरा-वीस फूट उंच मचाणावरून खाली, उतारावर, आणि अंतर न मोजता. रानात हिंडताना कुजलेली खोडे आणि मातीचे उंचवटे यांवर बोथट बाण सोडीत जाण्याचा रिवाज फार जुना आहे. आधी अंदाज मोठ्याने सांगायचा, मग बाण सोडायचा, मग पावलांनी मोजायचे. निसर्गसंरक्षणाचा पाया घालणाऱ्या विचारवंतांपैकी एक, ऑल्डो लिओपोल्ड, हे विस्कॉन्सिनचे प्राध्यापक स्वतःच्या हाताने धनुष्ये करीत आणि १९२० नंतरच्या दशकात न्यू मेक्सिकोच्या गीला अरण्यात ती घेऊन हरणांच्या मागे हिंडले. धनुष्य घडविण्यात जो आनंद आहे तो मृगयेच्या आनंदाहून कमी नाही, असे त्यांच्यासारख्यांच्या आयुष्याकडे पाहून वाटते.

वहीतले हे अंतर म्हणजे शिकाऱ्याची वरची मर्यादा. प्रत्यक्षात ते त्या दिवशी आणि त्या क्षणी आणखी आखडते. हरीण समोरासमोर तोंड करून उभे असेल, तर छातीचे हाड आणि खांदे मर्मस्थान झाकतात. तेव्हा दहा वारांवरही टप्पा शून्य असतो. आडवे उभे असेल, किंवा किंचित पाठमोरे असेल, तेव्हाच बाण दोन्ही फुप्फुसांतून पार होतो. मध्ये बोटाएवढी डहाळी आली तरी बाण वाट सोडतो. फार जवळही नको. मचाणाच्या बुंध्याशी, पाच-सहा वारांवर, हरीण येऊन उभे राहिले की नवशिक्याला ते आयतेच हाती आल्यासारखे वाटते. वस्तुतः इतक्या उभ्या कोनातून बाण एकाच फुप्फुसात शिरण्याचा धोका असतो, आणि एका फुप्फुसावर हरीण फार लांब जाऊ शकते. म्हणजे टप्प्याला जशी पलीकडची मर्यादा आहे तशी अलीकडचीही आहे.

बाण मारतो कसा, हे समजल्याशिवाय या काटेकोरपणाचे मोल कळणार नाही. बंदुकीच्या गोळीसारखा धक्का बाण देत नाही. धारदार पाते रक्तवाहिन्या कापते आणि रक्तस्रावाने मृत्यू येतो. दोन्ही फुप्फुसे छेदली गेली, तर हरीण बहुधा शंभर वारांच्या आत, काही सेकंदांत कोसळते. कित्येकदा आपल्याला काय झाले हेही त्याला कळले नसावे असे वाटते. पण तोच बाण सहा इंच मागे, पोटात लागला, तर ते कमरेत वाकून चालत जाते, दाट झुडपात बसते, आणि मरायला त्याला कित्येक तास लागतात. खांद्याच्या हाडात अडकला तर पाते मांसात घेऊन ते हिंडत राहते. शिकारी जमिनीवरची खूण वाचतो. गुलाबी, फेसाळ रक्त दिसले तर बाण फुप्फुसात लागला. गडद असेल तर यकृतात. हिरवट घाण आणि दुर्गंधी असेल तर आतड्यात. पहिल्या प्रकारात अर्धा तास थांबून माग काढतात. शेवटच्या प्रकारात रात्रभर थांबावे लागते, कारण लगेच पाठलाग केला तर दुखावलेले जनावर उठून मैलभर जाते आणि मग सापडतच नाही. त्या रात्री शिकाऱ्याला झोप येत नाही, असे अनेकांनी लिहून ठेवले आहे. पाऊस पडला तर रक्ताचा माग धुऊन जातो. न सापडलेले हरीण कोणत्याही विक्रमाच्या यादीत येत नाही, म्हणून लांबच्या नेमाच्या गोष्टी ऐकताना त्यांच्यामागे न सांगितलेल्या किती असतील याचा विचार करावा.

शब्दवेधी बाण सोडणाऱ्या दशरथाची कथा या संदर्भात भारतीय श्रोत्याला आठवल्यावाचून राहणार नाही. राजाचा नेम चुकला नव्हता. नेम अचूकच होता. घडा बुडण्याचा आवाज ऐकून, अंधारात, न पाहता बाण सोडता येतो याचा त्याला अभिमान होता, आणि त्या अभिमानानेच श्रावणाचा प्राण घेतला.

नेम येणे आणि न सोडणे, ही दोन वेगवेगळी कौशल्ये आहेत आणि दुसरे शिकवायला कोणी उस्ताद मिळत नाही. म्हणून अनुभवी शिकारी निर्णय आधीच करून ठेवतो. हंगाम सुरू होण्यापूर्वी एखाद्या दुपारी तो मचाणाच्या झाडापासून चारही दिशांना पावले टाकतो आणि आपल्या वहीतल्या अंतरावर एखादा ओंडका, एखादा पांढरा दगड, वाकलेले रोपटे अशा खुणा हेरून ठेवतो. हरीण आल्यावर वार मोजत बसायचे नाही. दगडाच्या आत की बाहेर, एवढेच पाहायचे. छाती धडधडत असताना बुद्धीला विचारण्यासारखा तेवढाच एक प्रश्न असतो. मचाणाची जागा निवडतानाही हाच हिशेब असतो. हरणाची रोजची वाट तीस वारांवरून जात असेल, तर तो नेम सुधारण्याच्या नादी लागत नाही. वारा पाहून झाड बदलतो.

ऋतूच्या ऐन भरात, नोव्हेंबरात, माद्यांच्या मागे लागलेले नर दिवसाढवळ्या हिंडतात, आणि वर्षभर न दिसलेले मोठ्या शिंगांचे जनावर एकाएकी समोर येते. ते पांढऱ्या दगडापलीकडे आठ-दहा वारांवर थांबते. आडवे उभे असते, मान खाली असते, डहाळी मध्ये नसते. शेजारच्या झाडावर कंपाउंड धनुष्यवाला असता तर त्याने बाण सोडला असता, आणि त्याच्या वहीप्रमाणे ते योग्यही ठरले असते. लाकडी धनुष्यवाला दोरीवर बोटे ठेवून बसून राहतो. ते दोन पावले अलीकडे येईल की पलीकडे जाईल हे तो वाट पाहून ठरवतो; पुष्कळदा ते पलीकडे जाते. मिशिगनच्या नियमाप्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने शिकारीची वेळ संपते. तेव्हा तो बाण भात्यात परत ठेवतो, धनुष्य दोरीला बांधून झाडावरून हळूच खाली सोडतो, आणि मग स्वतः उतरतो.